तीन अंगठे आणि एक कवळी

ऑफिसात अण्णांइतका मिळूनमिसळून वागणारा प्रोग्रॅमर दुसरा नाही, असं खुद्द अण्णांचंच मत होतं. टीमचं सगळं काम एका सामाईक वेबपानावर चालायचं. ज्यानं त्यानं आपला कोड तिथं मांडायचा, इतरांनी वाचून शेरे द्यायचे आणि तिघांनी पसंतीचा अंगठा दिला की तो आपोआप गिऱ्हाइकाकडे रवाना. अण्णा सकाळी आल्याआल्या सगळ्यांना अंगठे वाटून टाकत. वाचायचं कशाला? देवानं अंगठा दिलाय तो चार माणसांचं मन राखायलाच की!

त्या दिवशी घाईत चष्मा घरीच राहिला. डोळे बारीक करकरून अण्णांनी दातांच्या दवाखान्यासाठी, पेशंटांना तपासणीच्या तारखेची आठवण देणारा संदेश बांधला. चाचणीपुरता काहीतरी मजकूर हवा, म्हणून सुचेल ते टाकलं: 'आई, कवळी वाटीतच राहिली बघ.' खाली टीप दिली, 'ही चाचणी आहे, पाठवू नये.' मग 'कच्चं' असं काहीसं दिसलं त्या बटणावर टिचकी मारून ते चहाला गेले.

परत येतात तो काय! टिचकी 'तयार'वर पडलेली, खाली तीन अंगठे आणि शेजारी 'रवाना'ची हिरवी खूण.

अण्णांच्या तळहाताला असा घाम फुटला की माउस मासळीसारखा निसटू लागला. दवाखान्याच्या यादीतले झाडून सगळे पेशंट, त्यात मोठे साहेब, लग्न ठरलेल्या मुली, मिशीवाले पैलवान, सगळ्यांना अण्णा 'आई' म्हणून बसले होते. इतक्या वर्षांची नोकरी त्यांना वाटीत बुडताना दिसली. पहिला अंगठा शेजारच्या टेस्टरचा. तुम्ही आमचं न वाचता देता, तुमचं वाचत बसणं बरं दिसलं नसतं, असं तो अदबीनं म्हणाला. दुसरा डिझायनरबाईंचा, त्यांचंही तेच.

देवाचा धावा करत अण्णा मॅनेजरबाईंच्या केबिनमध्ये शिरले. बाईंचा चेहरा त्यांच्याहून पांढरा.

"तिसरा कुणाचा, तेवढं सांगा बाई."

"हळू बोला, अण्णा. माझाच."

माफीचा संदेश अण्णांनी तिथल्या तिथे लिहून पानावर मांडला. पण आता सगळेच दुधानं पोळलेले, ताक फुंकून पिणारे. ज्यांनी जन्मात ओळ वाचली नव्हती, ते अक्षर न् अक्षर निवडू लागले, तांदळातले खडे निवडावेत तसे. टेस्टरनं विचारलं, चुकून गेला म्हणजे कुणाच्या चुकीनं? डिझायनरबाईंना माफी जरा कडक वाटली. शेऱ्यावर शेरे चढले, अंगठा मात्र एकही नाही. मॅनेजरबाई तर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या.

तेवढ्यात दवाखान्याचा फोन खणखणला. अण्णांनी डोळे मिटून उचलला. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं आठवणी पाठवतोय, कुणी ढुंकून बघत नव्हतं; आज निम्मे पेशंट उलट फोन करून तारखा घेताहेत. मजकूर आहे तसाच राहू द्या.

अण्णांच्या जिवात जीव आला. छाती काढून ते जागेवर परतले, तोच घरून फोन. दवाखान्याच्या यादीत आईही होती.

"कवळी माझ्या तोंडात आहे," आई म्हणाली. "वाटीत तुझा चष्मा आहे."