पोलीस कोठडीतलं ग्राफिक्स कार्ड

कळवण्यास अत्यंत दुःख होते की, आमच्या घरचं ग्राफिक्स कार्ड गेल्या सोमवारी ऐन तारुण्यात, अल्पशा धुरानंतर निधन पावलं. त्याच्यामागे एक कॉम्प्युटर, एक मॉनिटर आणि आमची कन्या सायली असा परिवार आहे.

सायली अ‍ॅनिमेशन शिकते. शेवटच्या वर्षाची फिल्म पुढच्याच सोमवारी द्यायची होती, आणि त्या कार्डाशिवाय फिल्ममधल्या झाडाचं पानही हलणार नव्हतं. बाजारातल्या दुकानदाराने उडालेला फ्यूज बदलून दिला. घरी येऊन बटण दाबलं, तर नवा फ्यूजही जुन्याच्या मागोमाग गेला.

"वाट लागली, बाबा," सायली म्हणाली. "आता परबकाकाच."

परबकाका आमच्या भांडुपच्या इमारतीत तळमजल्यावर एकटे राहतात. मूळचे मालवणकडचे. पोलीस खात्यात वायरलेसचे सेट दुरुस्त करून निवृत्त झाले. उभ्या नोकरीत एकाही चोराची कॉलर धरायला मिळाली नाही. ती हौस ते आता बंद पडलेल्या कार्डांवर भागवतात. त्यांच्याकडे दुरुस्ती होत नाही, तपास होतो.

"शेवटचं जिवंत कोणी पाहिलं?" दार उघडताच त्यांनी विचारलं.

"मी," सायली म्हणाली.

"तेव्हा जवळ आणखी कोण होतं?"

"कोणी नाही, काका! मीच!"

"हं. शहर सोडून जायचं नाही."

दुकानदाराने नुसता फ्यूज बदलला हे ऐकल्यावर मात्र काकांची मालवणी सुटली. "मेल्यान मयताक उठवन बसयल्यान! अगो, फ्यूज म्हणजे मयत. त्याला मारणारा आत मोकाट फिरतोय. आधी आरोपी, मग फ्यूज!"

मीटरच्या दोन काड्या त्यांनी कार्डावर टेकवल्या. पीऽऽ! "ऐकलंस? शॉर्ट. वीज पुढे पोचतच नाही, कोणीतरी मधल्यामध्ये गिळतंय." मग फ्यूजच्या पुढच्या भागात अगदी कमी व्होल्टेज सोडलं, बोर्डावर स्पिरिट शिंपडलं आणि भिंग घेऊन वाकले. सगळीकडे ओल तशीच होती. फक्त तांदळाच्या कणीएवढ्या एका कपॅसिटरवरची ओल बघता बघता उडाली, कारण तेवढा एकटाच तापला होता.

"बघ, बघ! तोंडचं पाणी पळालं बेट्याच्या!"

गरम हवा मारून त्यांनी आरोपीला उपटलं, त्याच्या जागी नवा बसवला. मीटर गप्प झालं, तेव्हा कुठे नवा फ्यूज लागला. कार्ड काकांच्या कॉम्प्युटरमध्ये चढवलं आणि पंखे भिरभिरले. सायलीने आनंदाने हात पुढे केला.

"छे! शुक्रवारपर्यंत कोठडी. खरंच सुधारलंय की नाटक करतंय, ते बघायला नको?"

हा त्यांचा नियमच. सोबत भाषण फुकट. "सगळा दोष तुमच्या त्या गेमांचा. पोरं कार्डाला थर्ड डिग्री लावतात, दुसरं काय! माझ्या घरात गेम चालणार नाही."

"मी गेम खेळत नाही हो, काका."

"प्रत्येक आरोपी हेच म्हणतो."

शुक्रवारी सायली कार्ड आणायला गेली आणि पाय आपटत वर आली. "रिमांड वाढवलाय म्हणे! रविवारी ने म्हणतायत. बाबा, फिल्म कॉम्प्युटरमधून तयार होऊन बाहेर पडायलाच अख्खी रात्र लागते. मध्येच काही अडकलं तर मी मेले ना!"

शनिवारी दुपारी ती भांडायच्या तयारीने खाली उतरली. मागून मी, पंच म्हणून.

दार नुसतं लोटलेलं होतं. काका पाठमोरे बसले होते. पडद्यावर एक लाल गाडी आणि एक निळी गाडी समुद्रकाठी शेजारी शेजारी उभ्या. शर्यत मागेच राहिली होती. स्पीकरमधून एका लहान मुलीचा आवाज येत होता. "...आणि आजोबा, मग माझा दात त्या सँडविचमध्येच राहिला!"

काकांचा मुलगा मस्कतला असतो, हे आम्हाला ठाऊक होतं. त्यांची नात ईशू दर शनिवारी अशी भेटते, हे ठाऊक नव्हतं. आता आठवलं, सोसायटीतल्या प्रत्येक कार्डाच्या कोठडीत एक शनिवार येतोच. स्वतःचं कार्ड घ्यायचं, तर काकांना आपणही गेम खेळतो असा सगळ्या इमारतीसमोर कबुलीजबाब द्यावा लागला असता.

चाहूल लागली तसे काका दचकून उठले. "चाचणी... जरा थर्ड डिग्री देत होतो," ते पुटपुटले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "फोनवर 'मी बरी आहे' म्हणते आणि बापाकडे फोन देते गो. हयसर गाडीत बसली की तासभर बोलता." आणि त्यांनी कॉम्प्युटरच्या बटणाकडे हात नेला. "ने तू. तुझी फिल्म महत्त्वाची."

"आजोबा?" स्पीकर म्हणाला. "गेलात का?"

सायलीने पडद्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग माझ्याकडे. पंचाने छताकडे पाहिलं.

"राहू दे, काका," ती म्हणाली. "संध्याकाळी येते न्यायला. रात्रभर चालवीन, होऊन जाईल."

काका धपकन खुर्चीत बसले, आम्ही दारात उभे आहोत हे साफ विसरले आणि पडद्याकडे बघून ओरडले, "ईशू! जामीन मिळालो गो! काढ गाडी!"