सागवानी फ्रिज

टिपणिसांच्या घरात फ्रिज आला आणि महिन्याभरात तो टिपणिसांचा राहिला नाही. मुलुंडच्या त्या तीन मजली इमारतीत चौऱ्याऐंशी साली तो एकुलता एक फ्रिज, म्हणजे साहजिकच सगळ्यांचा. वरच्या कप्प्यात सोसायटीचे सेक्रेटरी मार्तंडराव यांचे डोळ्यांचे थेंब, मध्ये समोरच्या वनमाला रेडकरचं आंबोळ्यांचं पीठ, खाली कुणाचा तरी गजरा आणि त्याला चिकटून कुणाची तरी सुरमई. बर्फासाठी तर सकाळपासून बेल वाजायची. सुहासिनी टिपणिसांनी श्रीखंडासाठी चक्का आणला, तर ठेवायला जागा नाही. स्वतःच्या फ्रिजपुढे पातेलं घेऊन ती बाई नुसती उभी!

"स्पष्ट सांगून टाक ना लोकांना," नवरा श्यामकांत वर्तमानपत्रामागून म्हणाला.

"मी? वाईटपणा मीच घ्यायचा? तुम्ही सांगा!"

श्यामकांत पुन्हा वर्तमानपत्रात शिरला. त्याने आयुष्यात बस कंडक्टरकडे राहिलेले सुटेसुद्धा मागितले नव्हते.

त्याच आठवड्यात दत्ताराम पेंटर त्यांचं पुढचं दार रंगवायला आला. दत्ताराम कणकवलीकडचा. साध्या प्लायवूडवर ओला रंग लावून त्यावरून रबराची फणी अशी फिरवायचा की रेघा, गाठी, सगळं उमटून सागवान उभं राहायचं. वाळलेल्या दारावर हात फिरवता फिरवता सुहासिनीच्या डोक्यात किडा वळवळला.

"दत्ताराम, पत्र्यावर जमतं का रे हे?"

"काचेर पण जमात. काय रंगवचा हा?"

तिने फ्रिजकडे बोट दाखवलं. दत्ताराम आधी हसला, मग गंभीर झाला, आणि मग त्याचे डोळे चमकले.

दारंखिडक्या लावून काम झालं. मुठीवरसुद्धा रेघा आल्या. हॉलच्या कोपऱ्यात अस्सल सागवानी कपाट उभं राहिलं. "वहिनीनू, सुतार इलो तरी फसतलो," दत्ताराम म्हणाला. कुणाला सांगणार नाही अशी त्याला शपथ घातली. कलावंत माणूस, त्याला ते फार जड गेलं.

फ्रिज विकला आणि कपाट घेतलं, असं सुहासिनीने जाहीर करून टाकलं. बेल थांबली. ती दोन दिवस गाणी गुणगुणत होती. तिसऱ्या दिवशी वनमालाने श्यामकांतला जिन्यात गाठलं.

"काय हो भाऊजी, नवाकोरा फ्रिज का विकलात?"

कारण ठरवायचंच राहून गेलं होतं! श्यामकांतची तंतरली. "अं... परिस्थिती... जरा..."

झालं. संध्याकाळपर्यंत टिपणिसांची नोकरी गेल्याची बातमी गच्चीपर्यंत पोचली. वनमाला कोळंबीचं कालवण घेऊन दारात हजर. "खा गं, लाजू नकोस. आम्ही काय परके?" सुहासिनीला ओशाळल्यासारखं झालं. कालवण मात्र झकास होतं, तिने वाटी पुसून खाल्ली.

वनमालाची माया एवढ्यावर थांबली नाही. "तुमचा फ्रिज गेला, माझ्या पिठाची पंचाईत झाली. मग ह्यांच्यामागे लागले आणि हप्त्यावर घेतला. आता तुझं दूध रोज आमच्याकडे ठेवायचं. नाही म्हणायचं नाही!" आणि सुहासिनी कुठे कुणाला नाही म्हणू शकत होती? तेव्हापासून श्यामकांत रोज दुधाचं पातेलं घेऊन, स्वतःच्या फ्रिजला वळसा घालून, समोरच्या फ्रिजकडे निघायचा.

एका दुपारी वनमाला गप्पा मारत कपाटाला टेकली आणि दचकली. "अगं, हे घुरघुरतंय!"

"वाळवी," सुहासिनीच्या तोंडून निघून गेलं. "वाळवी लागलीय गं."

"बाई गं! एवढ्या मोठ्याने खाते?"

"सागवान ना. कडक असतं."

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळीच मार्तंडराव रॉकेलचा डबा घेऊन आले. मागे वनमाला, आणि लाकडातला माहितगार म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या रंगकामावरून पकडून आणलेला दत्ताराम. "टिपणीस, अख्ख्या इमारतीला लागेल! कपाट खाली न्यायचं आणि आवारात जाळायचं. आत्ताच्या आत्ता."

एवढ्या हौसेचा फ्रिज! सुहासिनी हात पसरून पुढे उभी राहिली. "मुळीच नाही! सासऱ्यांची आठवण आहे ती."

"अगं, नवीन घेतलं म्हणालीस ना?" वनमाला म्हणाली.

श्यामकांत वर्तमानपत्र शोधू लागला. मार्तंडरावांनी बोटाने कपाट ठोकून पाहिलं. पोकळ आवाज आला. "ऐका! आतून नुसता भुसा झालाय. कुठल्या गाढवाने निवडलं असलं भिकार लाकूड?"

दत्तारामचा चेहरा लालबुंद झाला. शपथ त्याने आजवर पाळली होती, पण हे फारच झालं. "भिकार? माझ्या लाकडाक वाळवी? अहो, वाळवी लागाक आधी लाकूड व्हया! पत्रो आसा हो, पत्रो!" आणि त्याने मूठ धरून दार ओढलं. आत दिवा लागला. गार हवा आली. समोर श्रीखंडाचं पातेलं.

पितळ उघडं पडलं. मार्तंडराव रॉकेलचा डबा उचलून तरातरा निघाले. "मीटिंग लावतो! अर्जंट मीटिंग!" वनमाला मात्र हलली नाही. सुहासिनीला कोळंबीचा घास न् घास आठवला आणि रडूच कोसळलं. "चुकलंच गं माझं. खूप वाईट वागले. तुझं पीठ आण, आत्ता आण. केवढी जागा आहे बघ."

वनमाला एकटक आत बघत होती. वरचा कप्पा रिकामा. मधला रिकामा. कुणाचे थेंब नाहीत, कुणाची सुरमई नाही.

"पीठ?" ती म्हणाली. "अगं, माझ्या फ्रिजात माझ्याच पिठाला जागा नाही. मार्तंडरावांची बाटली, वरच्यांची मटकी, त्यात तुझं दूध. बर्फासाठी काल लोक रांगेत होते. नाही कसं म्हणू? माझी नुसती वाट लागलीय!"

मग तिने बाहेरचं दार हळूच लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"दत्ताराम, सागवानी आता सगळ्यांना कळलं. तुला शिसवी जमेल का रे?"