पेटीतलं पांघरूण

आई गेल्यानंतर पहिल्यांदाच माहेरी राहायला आलेल्या मुलीने चार दिवसांत सगळं घर धुऊन काढायचा चंग बांधला होता. पडदे झाले, उशांचे अभ्रे झाले, आणि मग बापाच्या अंगातला सदरा अंगात असतानाच ती ओढू लागली. बापाची कोकोची दीड एकर बाग होती आणि स्वभाव गरीब होता. त्याने सदरा मुकाट्याने काढून दिला. पण पलंगाखाली बायकोचं एक विटकं हिरवं पांघरूण होतं. आठ महिने त्याने ते पाण्याला दाखवलं नव्हतं, कारण त्याला तिचा वास होता. दुपारी दार लोटून तो त्यात नाक खुपसून बसे. हे मुलीला कसं सांगणार?

"बाबा, आईचं ते हिरवं पांघरूण कुठंय?"

"असेल कुठंतरी."

"कुठंतरी म्हणजे? कुबट झालं असेल आता. धुऊन उन्हात घालते."

त्याने ते माळ्यावर टाकलं, तर ती स्टूल घेऊन माळा झाडायला निघाली. तांदळाच्या पिंपात कोंबलं, तर तिने भाताचं आधण ठेवलं. शेवटी तो पांघरूण सदऱ्याखाली दडवून, अचानक पोट सुटल्यासारखा चालत, मागच्या पडवीत गेला. तिथे कोकोच्या बिया आंबवायची लाकडी पेटी होती.

पूर्वी तिथले लोक कोकोच्या ओल्या बिया तशाच व्यापाऱ्याला देत, आणि तो देईल तो भाव घेत. मग कुठल्याशा शेती-संस्थेच्या एक बाई आल्या. सावलीला कोकोत केळी लावा, फळझाडं लावा, इमारती लाकडाची झाडं लावा, बिया घरीच आंबवून वाळवा, चार पैसे जास्त मिळतील, असं त्या घरोघर सांगत फिरल्या. लोकांनी त्यांचं नाव सावलीताई ठेवलं आणि हसून घेतलं. तेव्हा ऐकलं फक्त त्याच्या बायकोने; बाकीच्यांनी झाडं लावली, पेट्या केल्या, त्या अलीकडे, तिचे चार पैसे बघून. वीस वर्षं झाडं तिची आणि पेटीही तिची. "पेटीला हात लावाल तर याद राखा," असं ती बजावायची. ती गेली आणि पेटी रिकामी पडली. तो पुन्हा ओल्या बिया विकू लागला. सावलीताईंनी फारच पिच्छा पुरवला, तेव्हा काल त्याने पहिल्यांदा पेटी भरली होती. बियांवर केळीची पानं, पानांवर झाकण. बिया परवा उलथायच्या. तोवर तिथे कोण डोकावणार? त्याने पांघरुणाची चौघडी पानांवर ठेवली आणि झाकण लावलं. आंबताना बिया तापतात, त्यांना घाम फुटतो, हे त्याला माहीत होतं. पण घाईत माणसाची अक्कल एकीकडे राहते आणि हात दुसरीकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मुलगी विहिरीवर चादरी धुवायला गेली, आणि इकडे सावलीताई डझनभर शेतकरी घेऊन दारात उभ्या. पुढे थंडोबा. हा शेजारी पाणी प्यायलाही विचार करून उठे, म्हणून थंडोबा. आज मात्र तो तापला होता.

"ताई, तुमच्या सावलीत आम्ही गार, पेट्याही गार. बियांना बुरशी धरते. व्यापारी हसतोय. मी तर आता झाडं तोडणार!"

"आधी यांची पेटी बघू. यांची झाडं सगळ्यांत जुनी."

"उद्या उघडू की," बाप म्हणाला. "उगाच गार पडेल."

तोवर झाकण निघालं होतं. वाफेतून हिरवं पांघरूण दिसलं. बाप पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिला. ताईंनी बियांत थर्मामीटर खुपसला.

"सत्तेचाळीस अंश! दोनच दिवसांत! पांघरूण घालायचं कुणी सुचवलं हो?"

"हिनं," तो म्हणाला. का, ते त्यालाही कळलं नाही.

थंडोबाने टोपी काढली. "वहिनींना कळायचंच," तो म्हणाला. "आम्ही मेले हसलो त्यांच्या केळींना."

दुपारपर्यंत घरोघरची पांघरुणं पेट्यांत गेली. थंडोबाने तर बायकोचं लग्नातलं कोरं पांघरूण घातलं. त्यानंतर त्या घरात जो पारा चढला, तो मोजायला ताईंकडे थर्मामीटर नव्हता. बायको तरातरा इकडे आली आणि मुलीवर बरसली, "तुझ्या आईच्या पांघरुणापायी माझ्या पांघरुणाचं वाटोळं झालं गं!"

मुलगी पडवीत धावली. बाप मागोमाग.

"धुवायला दिलं नाहीत, आणि सडायला घातलंत? आईची एवढी एक वस्तू!"

"तू धुतलं असतंस तर तिचा वास गेला असता," तो कसाबसा म्हणाला. "म्हणून लपवलं. आता गेलाच तो. माझंच चुकलं."

मुलीने झाकण उचललं, पांघरूण ओढायला वाकली, आणि वाकलेलीच राहिली. मग तिने त्या ओल्या, तपकिरी डागांच्या पांघरुणात तोंड लपवलं.

"आंबूस झालंय, ठाऊक आहे मला," बाप म्हणाला.

"बाबा, आई शाळेच्या फाटकाशी यायची तेव्हा पोरी नाक दाबायच्या. मला इतका राग यायचा." तिने मान वर केली. "हाच वास, बाबा."

तो वाकला. वीस वर्षं तो वास त्याच्या शेजारी झोपला होता. त्याला वाटायचं, तिच्या केसांचा असेल.

चौथ्या दिवशी मुलगी निघाली. पांघरूण त्याने वाळवलं होतं, न धुताच, आणि स्वतःच्या हाताने तिच्या पिशवीत घातलं.

"आणि तुम्हाला?"

"मला पेटी आहे. ही झाली की दुसरी भरायची."

बसमध्ये तिच्या शेजारच्या गृहस्थांनी आधी आपल्या बुटांचे तळ पाहिले. मग खिडकी उघडली. तिसऱ्या थांब्यावर ते उठून मागे जाऊन बसले. मुलीने रिकाम्या जागेवर पिशवी ठेवली, आणि थोड्या वेळाने उचलून मांडीवर घेतली.