पसाभर कोंड्याचे कडुबाराव

हर्सूलच्या वारसा मंडळाचे सचिव कडुबाराव यांनी वंशवेलीच्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी नसती आफत ओढवून घेतली. आपल्या घराण्याचा तक्ता तपासायला त्यांनी म्हाताऱ्या आत्याला, कडूबाईला, सभागृहात आणलं.

तक्त्यावर नऊ पिढ्या होत्या आणि खाली मधोमध स्वतः कडुबाराव, फोटोसकट. उद्या व्याही मुद्दाम तो बघायला येणार होते. कडुबारावांनी जन्मभर वाळूजच्या कारखान्यात स्टोअर सांभाळलं होतं. माल जिथं गेला तिथंच त्याची नोंद, ही शिस्त त्यांनी मंडळातही आणली. जो दुसऱ्या घरात दिला गेला तो त्या घरच्या तक्त्यात, असा नियम करून त्यांनी पहिल्यांदा चुलतभाऊ इंद्रजीतलाच उडवला, कारण इंद्रजीतचे वडील मामाला दत्तक गेले होते. तेव्हापासून इंद्रजीत तोंड फुगवून मंडळाच्या सतरंज्या अंथरत होता.

आत्यानं तक्त्यावरून काठी फिरवली आणि नेमकी कडुबारावांच्या फोटोवर थांबवली.

"ह्यो हितं कसा? ह्याला तर इकला व्हता."

आत्याचं वय झालं, असं कडुबारावांना वाटलं. पण तिची आठवण ठणठणीत निघाली. कडुबारावांच्या आधीची दोन लेकरं गेली होती. म्हणून नजर चुकवायला आईनं या तिसऱ्याचं नाव कडुबा ठेवलं, त्याला सुपात घातलं आणि शेजारच्या जाहेदाला पसाभर कोंड्यावर विकलं. पोरगं धडधाकट झालं की कोंडा परत देऊन सोडवून आणायचं, अशी रीत. पण पुढं वडिलांची बदली गंगापूरला झाली आणि परत येईपर्यंत सगळेच विसरले.

"अगं, ती नुसती रीत असते," कडुबाराव वैतागून म्हणाले.

इंद्रजीतनं हातातली सतरंजी खाली ठेवली. "माल गेला, परत आल्याची नोंद नाय. मग सचिवसाहेब, नियम काय म्हणतो?"

उत्तराची वाट न बघता त्यानं फोटोवर पांढरी चिकटपट्टी मारली. मंडळाच्या कामात इतका उत्साह त्यानं आजवर कधी दाखवला नव्हता. भरीस भर म्हणजे शेजारीच आपल्या घराण्याच्या तक्त्याशी जाहेदाचा मुलगा गयास उभा होता, कडुबारावांचा बालमित्र. त्यानं पेन्सिल काढून आपल्या नावाच्या आधी 'कडुबा' लिहूनही टाकलं.

कडुबारावांचं डोकं फिरलं. पसाभर कोंड्यानं मिटणारं प्रकरण, म्हणून ते तडक बाहेर पडले. घरी बायकोकडं, मंजुषाकडं, पाकिटातलं पीठ होतं, त्यात कोंडा कुठला? किराणावाल्यानं वजन कमी करायचा कोंडा दाखवला आणि पोटाकडं बघून घ्याच म्हणाला, तसे ते फणकारून निघाले. पशुखाद्याच्या दुकानात म्हशी किती, अशी चौकशी झाली, आणि सुटा मिळत नाही म्हणून अख्खं पोतं गळ्यात पडलं. ते स्कूटरवर घालून कडुबाराव जाहेदाच्या दारात पोचले. मागून गयास आला, आणि व्यवहार चोख होतोय का ते बघायला इंद्रजीतही.

बाजेवर बसलेल्या जाहेदानं कोंडा चिमटीत घेऊन चोळला.

"मेरा इससे बारीक था," ती म्हणाली. "जाने दो, लेके जाव. बहू गोद में बच्चा नै करके लोगां बाता सुनाते थे. गयास तो बाद में हुआ. मेरेकू सबसे पयले अम्मी येइच बोल्या."

कडुबारावांना रडू येत होतं, आणि इंद्रजीतसमोर ते परवडणारं नव्हतं. म्हणून ते पोतं नीट ठेवलं नाही यावरून गयासवर ओरडले.

सभागृहात परतल्यावर इंद्रजीतनं पट्टी ओढली, तर तिच्याबरोबर फोटोतली अर्धी मिशीही निघून आली. कडुबारावांनी त्याकडं बघितलंसुद्धा नाही. गयास खोडरबर घेऊन आपल्या तक्त्याकडं वळला होता.

"ए," कडुबाराव खेकसले, "थोरल्याचं नाव खोडतोस व्हय रे? आपल्या घरात काही शिस्त हाय का नाय?"