यांच्या टोपीला भांग पडला

टोपी विकत आणली असती, तर ही हकीकत सांगायची वेळच माझ्यावर आली नसती. पण हातात क्रोशाची सुई असताना घरात विकतची टोपी आणायची म्हणजे मला माझाच अपमान वाटतो. (आमच्याकडे टीव्हीच्या रिमोटलासुद्धा मी विणलेलं झबलं आहे. बटणं दिसत नाहीत, ती गोष्ट वेगळी.)

झालं असं, की यांच्या जुन्या ऑफिसातल्या मंडळींचं स्नेहसंमेलन ठरलं. हॉल एसीचा. आणि डॉक्टरांनी यांना बजावून ठेवलेलं, "काका, डोक्याला गार वारा लागू द्यायचा नाही. सर्दी परत कपाळात उतरली तर माझ्याकडे येऊ नका." आता यांच्या डोक्यावर वारा अडवायला काहीच नाही. लग्नात होतं थोडंफार, फोटोत दिसतं. पुढे ओसरत गेलं. ऑफिसात यांना 'चांदोबा' म्हणायचे आणि येता-जाता टपली मारायचे. त्या टपल्यांपायी निवृत्त झाल्यापासून हे तिकडे फिरकले नव्हते. या खेपेला मात्र यांचा जिवलग दोस्त, कॅशियर, परगावाहून येणार होता. त्याला भेटायला जीव नुसता वरखाली होत होता.

"जातो," हे म्हणाले, "पण माकडटोपी घालून जाणार नाही. वॉचमन समजून कुणीतरी मला गेट उघडायला लावेल."

"मग मफलर गुंडाळा," लेक म्हणाली.

"दाढ दुखतेय असं वाटतं."

"बाबा, बाजारात हल्ली इतक्या छान टोप्या..."

"बाजारात कशाला?" मी मध्येच तोंड घातलं. "मी विणते. अशी विणते, की तुमच्याकडे बघून एकही माणूस हसणार नाही."

"नक्की?"

"माझा शब्द."

झालं. शब्द देऊन बसले.

लोकरवाल्याने माझ्यापुढे एक गुंडा ठेवला. हात लावला, तर मांजराच्या पिल्लाच्या पोटाला हात लावल्यासारखं! मधे बारीकसा दोरा आणि त्याला चहूबाजूंनी लांब लांब मऊ केस.

"फरची लोकर आहे आजी, नवीन आलीय. पण आधीच सांगतो, हिच्यात टाके दिसत नाहीत आणि चुकलं तर उसवत नाही."

"चुकणाऱ्यांना सांगा ते," मी म्हटलं आणि मळखाऊ म्हणून काळपट रंगाचे गुंडे पिशवीत टाकले.

मी शाळेत गेलेली नाही, पण एक टाका बघितला की दुसरा कुठे घालायचा ते मला कुणी शिकवावं लागत नाही. अट एकच, पहिला टाका दिसला पाहिजे. साध्या लोकरीत टाके कसे शहाण्यासारखे ओळीने बसलेले असतात. इथे सुई घातली की केसांत गडप! चष्मा लावून बघितलं, चष्मा काढून बघितलं, खिडकीशी जाऊन बघितलं. शेवटी डोळे मिटले आणि बोटांनी चाचपत मुके खांब घालत सुटले. (मुका खांब म्हणजे सगळ्यांत बुटका टाका. बुटकाच तो, त्या जंगलात कसला सापडतोय!) टाळूपासून सुरुवात करायची, गोल फिरायचं, फेरी संपली की जोडायची आणि पुढची धरायची. काम तसं सोपं. फक्त कुठे आहोत ते कळत नव्हतं.

"आई," लेक म्हणाली, "उजव्या कानाशी जास्तच खाली आलंय."

"उसवते तेवढं."

दोरा ओढला. केसात केस अडकला आणि गाठ बसली. आणखी ओढला, आणखी घट्ट बसली. टोपी अशी दिसायला लागली, की दोन मांजरांचं भांडण होऊन त्यातलं हरलेलं माझ्या मांडीवर येऊन बसलंय. लोकरवाल्याची आठवण झाली, पण ती मी कुणाला सांगितली नाही. डाव्या कानाशीही तेवढंच वाढवलं आणि प्रकरण मिटवलं.

संमेलनाला निघताना मी टोपी यांच्या डोक्यावर चढवली आणि दोन पावलं मागे सरून बघितलं.

प्रत्येक फेरी जिथे जोडली होती, तिथे कपाळापासून टाळूपर्यंत एक सरळ रेघ उमटली होती. रेघेच्या दोन्ही बाजूंना केस नीट झुकलेले. म्हणजे चक्क भांग! कानांपुढे झुपकेदार कल्ले. मानेवर छान वळण. लेक दोन्ही हातांनी तोंड झाकत स्वयंपाकघरात पळाली आणि आतून मिक्सर लावल्यासारखा आवाज यायला लागला.

हे आरशासमोरून हलेनात. "अगं, हे काय आहे?"

"टोपी."

"टोपीला भांग असतो?"

"आता पडला, त्याला मी काय करू?"

"मी जात नाही." हे बुटांसकट खुर्चीत बसले. चेहरा एवढासा झाला. मला इतकं वाईट वाटलं! माझ्या शब्दापायी दोस्ताची भेट हुकणार.

"अहो, उठा. तिथल्या गर्दीत कोण बघतंय? आणि कुणी हसलाच तर मी आहे ना."

हॉलमध्ये कॅशियर आमच्यासमोरून यांना शोधत गेला आणि शोधतच परत आला.

"अरे, मी इथे!" हे म्हणाले.

तो थबकला. वर बघितलं, खाली बघितलं, परत वर बघितलं. "चांदोबा? अरे, अमावास्या झाली की!"

मी डोळे मिटून घेतले. आता हशा पिकणार. पण हशा येईचना. डोळे उघडले, तर यांच्याभोवती घोळका जमलेला आणि त्यातल्या एकाच्याही डोक्यावर धड मूठभर केस नाहीत!

"कुठे बसवून घेतलेस रे?"

"दुखतं का?"

"माझ्या डोक्यावर धरतील?"

यांनी खरं सांगायला तोंड उघडलं. समोरच्या चकचकीत डोक्यांवरून एकदा नजर फिरवली. आणि म्हणाले, "घरगुती उपाय आहे."

टपली मारायला कुणाचा हात उठला नाही. वरून एसीचा झोत आला की यांचे केस भुरभुरायचे, आणि हे जन्मभराची सवय असल्यासारखे हाताने मागे सारायचे. मी एका भिंतीशी उभी राहून कौतुकाने बघत होते. तेवढ्यात नव्या साहेबांच्या मिसेस खुर्ची घेऊन आल्या.

"बसा आई. या वयात मुलाबरोबर आलात, कमाल आहे हो तुमची!"

मी मागे वळून बघितलं. मागे भिंत होती.

"मुलाबरोबर?"

"ते काय, तिथे उभे आहेत ते तुमचेच ना?"

"अहो, ते माझे..." म्हणेपर्यंत यांनी घोळक्यातून माझ्याकडे बघितलं. ऐकलं होतं त्यांनी. नवरा म्हटलं की या वयातल्या काळ्या केसांची चौकशी होणार, चौकशी झाली की टोपी निघणार, टोपी निघाली की टपल्या. डोळ्यांत नुसती विनवणी.

मी खुर्चीत टेकले. "हो. एकुलता एक आहे."

"आणि सूनबाई नाही आल्या?"

सूनबाई म्हणजे मीच. "तिला... जरा बरं नाही."

बाई दुसरी खुर्ची ओढून माझ्या जवळ सरकल्या. "खरं सांगा आई, पटतं का तुमचं तिच्याशी?"

आता कुणी एवढ्या मायेने विचारल्यावर माणूस किती वेळ गप्प बसणार? "कसलं पटतंय!" मी म्हटलं. "भारी हट्टी आहे. कुणाचं म्हणून ऐकत नाही. जे तिच्या डोक्यात येतं, ते या बिचाऱ्याच्या डोक्यावर बसतं."

हे माझ्यासाठी चहा घेऊन मागे येऊन उभे राहिले होते. आपल्या बायकोविरुद्ध आईची बाजू त्यांनी आजवर कधी म्हणून घेतली नव्हती. पण आज इतक्या मनापासून मान हलवत होते, की भांग पार कानावर आला.