यमुनाबाईंच्या पायाचं व्रत

दवाखान्याची लादी पुसून यमुनाबाई जरा भिंतीला टेकल्या, तोच बाहेरच्या बाकावरून हाक आली, "यमुनाबाय, एकच पाय लाव गो!"

यमुनाबाईंनी डोळे मिटून घेतले. त्या पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या. अशा माणसाचा पाय लागला की पाठीत भरलेली उसण उतरते, हे सगळ्या गावाला ठाऊक. त्यामुळे चाळीस वर्षं लोक त्यांच्यापुढे पाठ करून उभे राहत आले होते. लावणी झाली की शेतकरी, नारळी पौर्णिमा झाली की होड्या लोटणारे. लोकांच्या पाठी सुटल्या आणि यमुनाबाईंचा गुडघा धरला. शेवटी यंदा त्यांनी पुळ्याच्या गणपतीला सांगितलं होतं, "देवा, चातुर्मासात कुणाला पाय लावायची नाय. तेवढा गुडघा राहू दे."

"व्रत हाय माजं," त्या आतूनच म्हणाल्या.

"लोक कांदा सोडतात, वांगं सोडतात. पायाचं कसलं आलंय व्रत?" बाकावरून हाक मारणाऱ्या सोनूबाई तणतणल्या. त्यांना स्वतःला काही झालं नव्हतं. भाच्याला, दत्तारामाला, घेऊन आल्या होत्या. होडी लोटताना तो कमरेत वाकला, तो अजून काटकोनातच होता.

डॉक्टर आगाशे बाहेर आले. "लाथेनं पाठ बरी होत नसते. माझ्या दवाखान्यात हा प्रकार चालणार नाही." हे ते वीस वर्षं सांगत होते, आवाजात आता राग नव्हता, नुसता शीण होता. सकाळपासून पस्तीस पेशंट झाले होते आणि कंपाउंडर तापानं घरी होता. "चल रे, टेबलावर घेतो तुला. उचलण्याचंही शास्त्र असतं. गुडघे वाकवायचे, पाठ ताठ..."

त्याला उचलताना डॉक्टरांचीच पाठ ताठ झाली आणि तशीच राहिली. दत्ताराम खाली बसला, डॉक्टर त्याच्या शेजारी आडवे झाले.

"अगो बाय! डाक्टरलाच भरली!" सोनूबाई ओरडल्या, तसा अख्खा बाक आत आला.

"इंजेक्शन घ्या की."

"मारणार कोण?" डॉक्टर कण्हले.

"तीन दिवस निजून ऱ्हावा," मागून एकजण शांतपणे म्हणाला. "गेल्या साली मला तुमीच सांगितलंत."

डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर घालवलं. दत्तारामाला हलता येत नव्हतं म्हणून तो राहिला. दार लोटल्यावर डॉक्टर छताकडे बघत हळूच म्हणाले, "यमुनाबाई, तुमचा तो... पाय."

"तुमीच नको म्हणता ना?"

"अजूनही नकोच म्हणतो. पण बाहेर तापाची तीन पोरं रडतायत."

यमुनाबाईंना जन्मात कुणाला नाही म्हणता आलं नव्हतं. आलं ते हा दीड महिना, देवाच्या जिवावर. आज पाय उचलला तर देवाला काय सांगायचं, आणि उद्या त्या बाकाला काय सांगायचं? बाहेर पोर पुन्हा रडलं. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या गणपतीकडे पाहिलं, स्टूल ओढलं, त्यावर बसल्या आणि पाय पुढे केला.

"मी लावायची नाय. पाय हा इथं ठेवलाय. पाठ तुमची तुमी आणा."

वाद घालण्याइतकंही त्राण डॉक्टरांत उरलं नव्हतं. ते कुशीवर वळले, गुडघे पोटाशी घेतले आणि कमरेतून पिळत इंच इंच मागे सरकू लागले.

"जरा डावीकडं, डाक्टर," दत्ताराम होडी किनाऱ्याला लावल्यासारखा सांगत होता. "हां, येऊ द्या, येऊ द्या..."

कट्!

डॉक्टर थांबले. सावकाश उठून उभे राहिले. "लागला नाही," ते म्हणाले.

"नाय लागला. चार बोटं ऱ्हायली," दत्ताराम म्हणाला.

"शास्त्र आहे. पीळ बसला आणि सांधा मोकळा झाला."

"व्रत हाय," यमुनाबाई म्हणाल्या.

दत्ताराम तोवर आडवा होऊन सरकायलाही लागला होता.

दुसऱ्या दिवसापासून औषधाच्या चिठ्ठीवर डॉक्टरांच्या अक्षरात एक ओळ येऊ लागली : 'यमुनाबाईंच्या पायाकडे पाठ करून सरकणे, सकाळी एकदा. पाय लागू देऊ नये.' यमुनाबाई स्टुलावर बसून जप करत. पाठी येत, चार बोटांवर थांबत, बऱ्याच सुटतही. यमुनाबाईंचा गुडघाही सुटला.

कार्तिकी एकादशीला डॉक्टर स्टुलापाशी येऊन घुटमळले. "उद्या व्रत सुटतं म्हणे?"

"होय."

"म्हणजे लोक पुन्हा लाथच मागणार. माझं शास्त्र गेलं." त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "यमुनाबाई, वर्षभराचं असं एखादं व्रत नसतं का हो?"

यमुनाबाईंनी एक मणी पुढे सरकवला.

"असतं की," त्या म्हणाल्या. "पण त्यात लादी पुसायची पण सोडावी लागते."