तिगावच्या सायकल-मोहिमेची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. शके एकोणीसशे पाच, रुधिरोद्गारी नाम संवत्सरे, फाल्गुन शुद्ध दशमीस पांढुर्णे मुक्कामी जे तुंबळ वर्तमान घडले ते पुढील पिढ्यांस कळावे, आणि ज्यांनी ते पानठेल्यावरून पाहिले त्यांनी त्यास तिखटमीठ लावू नये, म्हणून हा मजकूर लिहिला असे. संवत्सराचे नाव भयंकर खरे, परंतु रक्त सांडले ते एका गुडघ्याचे.

मूळ कलह ऐसा. राजमान्य राजश्री भगवंतराव, माजी कानूनगो म्हणजे महसुली अंमलदार, यांच्या सूनबाई सौभाग्यवती अनुराधाबाई यांस तिगावच्या शाळेत शिक्षिका नेमल्याचा सरकारी हुकूम आला, आणि आगगाडीची वेळ शाळेशी जुळेना, मग बाईंनी सायकलीने जाण्याचा मनसुबा जाहीर केला. तेव्हा भगवंतरावांनी सुपारी कातरता कातरता फर्मान काढिले की, सुनेने एकवार आमचे देखत तिगावास जाऊन रुजू व्हावे आणि दिवेलागणीच्या आत परतावे, वाटेत यंत्र बिघडल्यास परक्याची मदत घेऊ नये, आणि कसूर झाल्यास नोकरीचा नाद सोडून घरी बसावे. चिरंजीव मुकुंदराव, म्हणजे बाईंचे यजमान, यांनी पेपरात डोके घालून तटस्थता राखिली, आणि तीस ते आजतागायत मुत्सद्देगिरी म्हणतात. बाईंनी मात्र हुकुमाचा कागद पुन्हा उघडून वाचिला. इतके अर्ज करून मिळालेली शाळा, ती एका साखळीपायी हातची जाणार की काय!

आता दारूगोळ्याची तजवीज. शिवरात्रीसच भगवंतरावांनी, दुकानचे तेल म्हणजे उधळपट्टी ऐसे ठरवून, स्वयंपाकघरातील जवसाचे तेल दोन्ही सायकलींच्या साखळीत आणि मागल्या चाकाच्या फ्रीव्हीलात मनसोक्त ओतिले होते. अनुराधाबाई अदबीने बोलल्या, "मामाजी, जवसाचं तेल वाळलं का गोंदावानी चिकटते. बाटलीचं बूच निघत नाही माह्याच्यानं." यावर जबाब आला, "बैलबंडीच्या आखाले आम्ही जल्मभर हेच लावलं. तू मले शिकवून राहिली काय?" मग बाईंनी वाद सोडिला, आणि भगवंतराव दुपारी घोरत असता आपुले फ्रीव्हील राकेलाने धुऊन काढिले. सासऱ्यांच्या यंत्रास हात लावणे ही बेअदबी, म्हणून ते तैसेच राहिले. अदब कधी कधी फार उपयोगी पडते.

दशमीस सकाळी स्वारी निघाली. अग्रभागी भगवंतराव धोतर आवळून घंटी वाजवीत, वाटेत एका शेळीवाचून शत्रू नसता, आणि मागे अनुराधाबाई. पळस फुलला होता, संत्र्याच्या बगीच्यांतून गोड वास येत होता, परंतु मोहिमेत तिकडे कोण पाहतो! मग रेल्वे फाटकापाशी बाईंच्या निऱ्या साखळीत अडकल्या, साखळी उतरली, आणि बाई गिट्टीवर आदळून गुडघा फुटला. फाटकवाला धावला, तो भगवंतरावांनी हात उंचावून त्यास रोखिले आणि फर्मानाची याद दिली. तेव्हा बाईंनी रडू गिळिले, पातळ टर्रकन फाडून सोडविले, साखळी दात्यांवर बसविली आणि पुन्हा स्वार झाल्या. त्याच काळ्या बोटांनी त्यांनी तिगावास हजेरीची सही ठोकिली, आणि तेथील मुख्याध्यापकांनी कागदावरचा डाग उदार मनाने पाहिला नाही. भगवंतराव दिवसभर शाळेच्या निंबाखाली पहारा देत झोपले.

परतीस उतार लागला. भगवंतरावांनी पाय रोखून, छाती काढून यंत्र मोकळे सोडिले, आणि त्या ऐटीतच फ्रीव्हीलातील चाकास पकडणाऱ्या खिट्ट्या जवसाच्या चिकट्यात रुतून बसल्या. मग चढ आला. पायडल गरागरा फिरे आणि चाक जागचे हलेना. भगवंतरावांनी प्रथम चाकास चुचकारिले, मग दगडाने ठोकिले, मग यंत्र बनविणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सूर्य कलला. अनुराधाबाईंच्या मनात क्षणभर आले की, आपण जावे पुढे, दिव्याआत पोहोचावे, आणि यांस बसू द्यावे माळावर. मोह मोठा होता. तरी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "मामाजी, मी परकी तं नाही ना? बसा मांगं."

सासऱ्यांनी आभाळाकडे पाहिले, मग रस्त्याकडे, आणि मग यंत्र एका बगीच्याच्या रखवालदाराच्या हवाली करून, एका हाताने धोतर आणि दुसऱ्याने सीट धरून, माजी कानूनगो सुनेच्या कॅरिअरवर आरूढ झाले. स्वारी पांढुर्ण्याच्या बाजारात शिरली तो दिवे लागावयास थोडाच अवकाश होता, म्हणजे सर्वांस स्वच्छ दिसण्यापुरता उजेड होता. लोक दुतर्फा उभे राहिले, आणि पानठेल्यावरून भाऊराव नामे एका गृहस्थाने आवाज दिला, "काहो कानूनगोसाहेब, सून कुठी घेऊन चालली?"

भगवंतराव ताठ झाले आणि गरजले, "अरे, मीच शिकवून राहिलो तिले सायकल! उद्यापासून रोज तिगावले जाते ते!"

अवघा बाजार साक्षीस मिळाला. अनुराधाबाईंचा गुडघा ठणकत होता, डोळ्यांत घाम उतरत होता, परंतु त्यांनी ओठ दाबून हसू आवरिले आणि मागे वळून पाहिले नाही.

ऐसी तिगावची मोहीम फत्ते झाली. फत्ते भगवंतरावांचे नावे मांडिली, कारण तैसा त्यांचा आग्रह पडला, आणि अनुराधाबाईंनी हरकत घेतली नाही. त्या दुसरे दिवशी शाळेच्या वेळेस एकट्याच तिगावास रवाना झाल्या, हे येथे कलमबंद केले असे.